काचेची आतली बाजू

संस्थेचा निरोप अगदी साधा होता. तासाआधी आवाज, चित्र आणि इंटरनेट तपासून घ्यावे. पुढे एक हसरं तोंड. हा निरोप ज्यानं लिहिला त्याच्या घरी एकतर माणसं राहत नसावीत, किंवा राहत असली तरी मदत करत नसावीत. माझ्या घरी एक माणूस राहतो आणि तो मदत करतो.

तो माणूस म्हणजे आमचे हे. पेंटर. भिंतींचे नव्हे, अक्षरांचे. दुकानांच्या काचांवर नावं रंगवायचे. काचेवरचं नाव बाहेरून रंगवलं तर पुसणाऱ्यांच्या फडक्यांनी आणि जाहिराती चिकटवणाऱ्यांच्या नखांनी वर्षभरात त्याचा चोथा होतो. म्हणून ते आतून रंगवायचं असतं. आणि आतून रंगवायचं म्हणजे उलटं, उजवीकडून डावीकडे, एकेक अक्षर आरशात पाहिल्यासारखं. अख्खं 'केशकर्तनालय' हे असं उलटं काढायचे, पेन्सिलीची एक खूण न करता, शिट्टी वाजवत. बाहेर फुटपाथवर माणसं उभी राहून बघायची. पुढे मशीनवर कापलेली चिकट अक्षरं आली. ती कुणीही दुपारच्या वेळात लावून जातो. यांचे रंगाचे डबे माळ्यावर गेले आणि हे घरात मदत करायला मोकळे झाले.

मी एका संस्थेतर्फे मोठ्या माणसांना लिहा-वाचायला शिकवते. कसं शिकवायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही. चुकत चुकत जमलं. दवाखान्यामागच्या एका खोलीत आमचा वर्ग भरायचा. खोलीमालकाला अचानक ती खोली स्वतःच्या सामानाला हवी झाली आणि वर्ग रस्त्यावर आला. संस्थेचं म्हणणं पडलं की आता सगळ्यांकडे फोन आहेत, तर तयार व्हिडिओच पाठवून देऊ. मी ते व्हिडिओ पाहिले. त्यात एक गोड मुलगी हसत हसत शिकवते. समोरच्याला कळलं की नाही याचं तिला सुखदुःख नसतं.

आमच्या इस्त्रीवाल्या मावशींना एखादी गोष्ट कळली नाही की त्या मान जास्त जोरात हलवतात. ते त्या गोड मुलीला कसं दिसणार? मी संस्थेच्या मॅडमना हेच सांगितलं. मॅडम तशा चांगल्या, फक्त सतत कुठेतरी निघालेल्या असतात. जाता जाता म्हणाल्या की एक तास तुम्ही लॅपटॉपवरून घ्या, मी स्वतः हजर राहीन. जमलं तर वर्ग तुमचा. नाही जमलं तर व्हिडिओ.

म्हणजे सगळं त्या एका तासावर होतं. म्हणून मी सकाळी उठल्यापासून आवाज, चित्र आणि इंटरनेट तपासत होते.

आधी आवाज. मी बैठकीत लॅपटॉपसमोर बसले आणि यांना फोन देऊन स्वयंपाकघरात पाठवलं. तुम्ही विद्यार्थी, मी शिक्षिका, असं दोनदा समजावून सांगितलं. मग नेहमीच्या आवाजात धडा सुरू केला आणि विचारलं, आवाज येतोय का.

"येतोय," हे आतून म्हणाले.

"फोनमधून येतोय का?"

आतून चहाचा एक भुरका ऐकू आला. मग, "कानातून येतोय."

जाऊन बघते तर फोन ओट्यावर पालथा. त्याचा आवाज पार बंद. हे शेजारी भिंतीला टेकून चहा पीत माझा धडा मन लावून ऐकत होते. भिंतीतून. वर मलाच म्हणाले की तू बोलतेसच इतकं स्पष्ट, तुला फोनची गरज काय. हे कौतुक होतं की टोमणा, ते लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला कळत नाही.

मी फोनचा आवाज वाढवला, हे माझ्या मागोमाग फोन घेऊन बैठकीत आले, आणि घरात कुणीतरी कोकलायला लागलं. लॅपटॉपचं बोलणं फोन ऐकत होता, फोनचं लॅपटॉप ऐकत होता, आणि दोघं मिळून असे किंचाळत होते की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खुर्ची आपटली. यांनी घाईघाईनं लॅपटॉपवर उशी दाबली. लॅपटॉपवर. फोन हातात तसाच. मी यांना दंडाला धरून गॅलरीत नेलं, दार लावून घेतलं आणि काचेतून खुणा केल्या. तेव्हा कुठे आवाज एकदाचा तपासून झाला.

मग इंटरनेट. त्याचा डबा कपाटावर असतो आणि तिथून सगळ्या घराला पुरतो, पण यांचं मत पडलं की तो कोपऱ्यात आहे, त्याला मोकळं केलं पाहिजे. रंगकामात उजेड कसा पडतो ते मला माहीत आहे, म्हणाले, नेटचंही तसंच असणार. मी नको नको म्हणेपर्यंत शिडी आली, खिळा आला आणि डबा खिडकीच्या वरच्या खिळ्याला सुतळीनं लटकला. वायर तेवढी लांब नव्हती. ती भिंतीतून निसटली, डब्यावरचे सगळे दिवे विझले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. पुन्हा शिडी, पुन्हा कपाट. दिवे एकेक करून लागेपर्यंत आम्ही दोघं कपाटाकडे तोंड करून उभे होतो, जसं काही त्यातून कुणी बाहेर येणार आहे.

राहिलं चित्र. आणि चित्राची काळजी मला मुळीच नव्हती, कारण ते आदल्या दिवशीच निस्तरलं होतं.

झालं होतं असं. वर्गात मी फळ्यावर लिहायचे. आता फळा नाही, म्हणून मी जाड पुठ्ठ्यांवर मोठमोठे शब्द लिहिले. बटण, पाठ, गेट, असे माझ्या विद्यार्थ्यांना लागणारे. बटण हा मावशींचा शब्द. त्यांनी स्वतः मागून घेतलेला आणि सगळ्यांत आधी शिकलेला. इस्त्रीखाली सगळ्यांत जास्त त्रास बटणं देतात, तर निदान त्यांचं नाव तरी मला लिहिता आलं पाहिजे, म्हणाल्या होत्या. तो पुठ्ठा मी कॅमेऱ्यासमोर धरला, आणि पडद्यावर बघते तर बटण उलटं. पूर्ण उलटं. ण आधी, ब शेवटी आणि सगळ्यांची तोंडं भलतीकडे.

मी पुठ्ठा खाली ठेवला. पण यांचा चेहरा उजळला. कित्येक महिन्यांत मी तो असा बघितला नव्हता.

"अगं, ही काचच आहे," हे म्हणाले. "आपण आत, ते बाहेर. आतल्यानं उलटं काढायचं, की बाहेरच्याला सुलटं दिसतं. एवढं साधं आहे."

इतकी वर्षं तेच करत आलेल्या माणसाशी मी काय वाद घालणार? यांनी शिडी लावली, माळ्यावरून डबे काढले, घट्ट झालेल्या रंगात काहीतरी ओतून तो ढवळला आणि नव्या पांढऱ्या पुठ्ठ्यांवर सगळे शब्द काढून दिले. उलटे. अशी देखणी अक्षरं की काय सांगू. बटणातल्या णची मागची काठी तर ओळंब्यात उतरल्यासारखी. शिट्टीसुद्धा वाजली. पुठ्ठे वाळल्यावर कॅमेऱ्यासमोर धरले, आणि पडद्यावर सगळे शब्द सरळ, स्वच्छ, वाचता येण्याजोगे. मी यांना दुसरा चहा करून दिला.

तरी त्या सकाळी पुन्हा एकदा खात्री करावी म्हणून मी पुठ्ठे एकेक करून दाखवले. हे गॅलरीतून फोनवर बघत होते. बटण, हे म्हणाले. पाठ. गेट. एकदम स्वच्छ दिसतंय, पुढचा दाखव.

इथेच थांबले असते तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं. पण बाहेरच्या एखाद्या माणसालाही विचारावं म्हणून मी वन्संना जोडून घेतलं. वन्सं म्हणजे यांची धाकटी बहीण. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही आणि त्यांना काही पटतही नाही. मी नवा चष्मा घेतला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या की चष्मा छान आहे, नाक निराळं हवं होतं.

पडद्यावर आल्या त्या सुरूच झाल्या. मागचा पडदा मळकट दिसतो. उजेड एकाच गालावर पडतोय. केस जरा बांधा वहिनी, घाबरल्यासारख्या दिसता. पंख्याचं एक पातं सारखं डोक्यातून बाहेर येतंय. मी होय होय करत सगळं नीट केलं आणि शेवटी पुठ्ठा धरला.

"हे उलटं आहे," वन्सं म्हणाल्या.

गॅलरीचं दार उघडून हे आत आले. "तुझा फोन उलटा असेल."

"फोन सरळ आहे दादा. अक्षरं उलटी आहेत."

"मी आत्ता माझ्या फोनवर वाचली सगळी. अडखळलोसुद्धा नाही."

"मग तू बघ बाबा, मला मेलीला काय कळतंय," म्हणून वन्सं फुरंगटल्या आणि पुन्हा मळक्या पडद्यावर आल्या.

मी हिशेब केला. माझ्या पडद्यावर सरळ दिसतंय. यांनी फोनवर खाडखाड वाचलंय. आणि ज्या बाईला माझं नाकही पटत नाही, ती एकटी म्हणतेय उलटं. मी वन्संचे आभार मानले आणि फोन ठेवला. एव्हाना तासाची वेळ झालीच होती.

एकेक करून सगळे आले. वॉचमन काका त्यांच्या गेटवरून, टोपीसकट. दोघी जावा एकाच फोनवर, गाल गालाला लावून. मावशी इस्त्रीच्या टेबलामागून, मागे टांगलेल्या शर्टांची रांग. आवाज येत होता. चित्र दिसत होतं. नेट धावत होतं. मॅडम आल्या, त्यांनी स्वतःचा माइक बंद केला आणि हाताची घडी घालून बसल्या. हे माझ्या शेजारी, कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेतानं, पुठ्ठ्यांची चळत मांडीवर घेऊन. मनातल्या मनात मी म्हटलं, जिंकलं.

पहिला पुठ्ठा धरला. बटण. मावशींचं घरचं मैदान.

"मावशी, वाचा बरं."

मावशी पडद्याजवळ आल्या. लांब गेल्या. चष्मा पुसला. मग मान हलवायला लागल्या, जोरजोरात.

मला वाटलं आवाज गेला असेल, म्हणून मी शब्द पुन्हा विचारला. त्या मान हलवतच होत्या. मी जावांकडे वळले. त्या एकमेकींकडे बघून गप्प. दुसरा पुठ्ठा धरला, पाठ. वॉचमन काकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, त्यातला ठ तेवढा ओळखीचा वाटतो बाई, बाकीचे कुणी नवीन आलेले दिसतात. जावा फिसकन हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. मॅडम कागदावर काहीतरी लिहीत होत्या. मी तिसरा पुठ्ठा धरला, चौथा धरला, आवाज वाढवला, जसं मोठ्यानं विचारलं की वाचता येईल. पडद्यावर माझे शब्द इतके ठळक, इतके सरळ दिसत होते की मला या चौघांचाच राग यायला लागला. आठवड्यापूर्वी हे सगळं येत होतं तुम्हाला. काय करता काय घरी?

तेवढ्यात मावशी बोलल्या. अगदी हळू.

"बाई, मी विसरले हो सगळं. माझ्या डोक्यात राहत नाही. ते व्हिडिओचंच बरं, त्यांना निदान लाज वाटणार नाही माझी."

मावशी गिऱ्हाइकांचे कपडे चेहऱ्यांवरून लक्षात ठेवतात. ही बाई बटण विसरेल? मी पहिला पुठ्ठा पुन्हा धरला आणि म्हटलं, वाचू नका. तुम्हाला जे दिसतंय ते कागदावर काढा फक्त. चित्र काढल्यासारखं. आणि मला दाखवा.

मावशींनी काढलं. वेळ लावून, जीभ दातात धरून. मग तो कागद कॅमेऱ्यासमोर धरला.

यांनी काढलेला णच होता तो, ओळंब्यातल्या काठीसकट. जसाच्या तसा. उलटा.

मी यांच्याकडे बघितलं. हे पडद्याकडे बघत होते आणि खूश होते. "बटण," हे म्हणाले. "काय छान काढलंय बघ त्यांनी. आणि म्हणे येत नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या माणसाला उलटं आणि सुलटं यांत फरकच पडत नाही. आयुष्यभर दोन्हीकडून वाचत आलाय. गॅलरीत उभं राहून यानं सगळे शब्द वाचले ते उलटेच होते, आणि याला ते कळलंसुद्धा नाही. आणि मी, चार माणसांना अक्षरं शिकवणारी, तपासायला अख्ख्या गावातून हाच माणूस निवडला होता.

संताप असा आला की पुठ्ठे गॅलरीतून खाली टाकावेत. पण चार जण समोर मान खाली घालून बसले होते, आणि ते माझ्यावर चिडले नव्हते. स्वतःवर चिडले होते. अक्षर उलटं असू शकतं, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. चूक म्हटली की ती आपलीच, ही त्यांची फार जुनी सवय.

"मावशी, तुम्ही काही विसरला नाहीत," मी म्हटलं. "पुठ्ठा उलटा आहे. तुम्ही तो बरोब्बर उलटा काढलात. चूक आमच्या घरातली आहे, तुमची नाही."

यांचा हात पुठ्ठ्यांवरच थांबला. हे पडद्याकडे बघत राहिले. मग खाली वाकून स्वतःचा पुठ्ठा बघितला, पुन्हा वर, माझ्या तोंडाशेजारच्या सरळ शब्दाकडे. एवढ्या माणसांसमोर मी बोलायला नको होतं, असं मला वाटलं, आणि बोलले नसते तर मावशींचं काय, असंही वाटलं.

"आरसा लावलाय होय यांनी," हे शेवटी म्हणाले. "आपल्या बाजूला आरसा. त्यांना आहे तसंच दिसतं. मला वाटलं काच आहे."

हे उठून गेले. मला वाटलं, झालं, आता दोन दिवस अबोला. मी लोकांना काहीबाही सांगत वेळ काढत होते तोवर हे ब्रश आणि डबा घेऊन परत आले, मला कोपरानं बाजूला सरकवलं आणि बरोबर कॅमेऱ्यासमोर बसले. पुठ्ठा पालथा केला. मागची बाजू कोरी होती. ती कॅमेऱ्याकडे वळवून हातात धरली, स्वतः पुढून वाकले, आणि ब्रश नेहमीसारखा त्या कोऱ्या बाजूच्या उजव्या टोकाला टेकवला. थांबले. ब्रश डावीकडे आणला.

"सुलटं काढायला मला जरा वेळ लागतो," हे मावशींना म्हणाले. "सांभाळून घ्या."

माझ्या पडद्यावर आता ते सगळं उलटं उमटत होतं आणि माझा हात सारखा ते थांबवायला पुढे जात होता. शेवटी मी टेबलावरची चिकटपट्टी घेतली आणि पडद्यावरच्या आमच्या चौकोनावर आडव्या पट्ट्या मारल्या. आम्ही दोघं दिसेनासे झालो. राहिले ते चार चेहरे, आणि ते पुढे वाकले होते. तयार शब्द बघणं वेगळं आणि ब ओला होताना बघणं वेगळं. आधी काठी, मग पोट, मग पोटातली तिरकी रेघ. वॉचमन काका म्हणाले, पेंटर, जरा हळू, मीपण काढतोय. जावांचं भांडण लागलं की आधी काठी की आधी पोट, आणि ते भांडण यांनी ब्रश थांबवून सोडवलं. ट झाला. णची काठी यांनी सगळ्यांत शेवटी ओढली, वरून खाली, एका दमात.

"बटण," मावशी म्हणाल्या. मान मुळीच हलली नाही. "हे तर येतं की मला. मग मघापासून काय दाखवत होता तुम्ही?"

त्यांच्या आवाजात पहिल्यांदा राग होता आणि तो माझ्यावर होता. इतकं बरं वाटलं मला.

तास संपला तेव्हा चौघं गेले आणि मॅडम राहिल्या. त्यांनी माइक सुरू केला. आधी तपासून बघायला सांगितलं होतं ना, असं विचारलं. मी म्हटलं, सकाळपासून तपासतेय. आवाज, चित्र, इंटरनेट, सगळं. मॅडमनी आपला कागद घडी करून बाजूला ठेवला.

"पुढच्या वेळी मला आधी जोडून घ्या," त्या म्हणाल्या. "मी वाचून सांगेन. आणि ब्रशवाले कोण ते? तेही असू द्यात."

त्या निघून गेल्या तरी मी पडद्याकडे बघत बसले होते. पुढच्या वेळी, म्हणाल्या त्या. स्वयंपाकघरात यांनी नळाखाली ब्रश धुवायला घेतला होता आणि शिट्टी बारीक बारीक ऐकू येत होती. नळ बंद झाला. हे पंच्याला हात पुसत दारात आले. म्हणाले, मी काय म्हणतो, आता असे पुठ्ठे करून ठेवतो, एका बाजूनं उलटं, एका बाजूनं सुलटं. म्हणजे काच असो नाही तर आरसा, भानगडच नको.

मी डोळे मिटून घेतले. "एकाच बाजूनं करा," मी म्हटलं.

हे विचारात पडले.

"कुठल्या?"